कोणते पोर्ट कोणत्या चिपचे, हे ग्राहकाला कळायला हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप घेताना काय पाहावे, याविषयीचे लेख आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत नेहमी येतात. त्यांत प्रोसेसर, रॅम, बॅटरी यांची सविस्तर चर्चा असते. मात्र दोन ग्राफिक्स प्रोसेसर (स्क्रीनवरचे चित्र तयार करणाऱ्या चिप) असलेल्या लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडताना येणाऱ्या अडचणींचा उल्लेख क्वचितच आढळतो. लॅपटॉप दुरुस्तीच्या व्यवसायात ही तक्रार माझ्याकडे सतत येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

अशा लॅपटॉपमध्ये एक ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य प्रोसेसरमध्येच सामावलेला असतो आणि तो वीज कमी खातो. दुसरा स्वतंत्र चिपच्या रूपात असतो आणि गेम, व्हिडिओ एडिटिंग यांसारख्या जड कामांना लागतो. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ ही पद्धत आणली. तिच्यात लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन पहिल्या ग्राफिक्स प्रोसेसरला जोडलेली असते, आणि स्वतंत्र चिपने चित्र तयार केले तरी ते पहिल्या प्रोसेसरमार्फतच स्क्रीनवर पोहोचते, त्यामुळे गरज नसेल तेव्हा स्वतंत्र चिप झोपवून बॅटरी वाचवता येते. ही योजना उत्तमच आहे. बाहेरच्या मॉनिटरची केबल जिथे लावतो त्या पोर्टांना मात्र असा एकच नियम नाही. एखाद्या मॉडेलमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट स्वतंत्र चिपला जोडलेले असते आणि यूएसबी-सी पहिल्या प्रोसेसरला. दुसऱ्या मॉडेलमध्ये नेमके उलटे असते. बाहेरून पाहून यातले काहीही ओळखता येत नाही.

एका ग्राहकाच्या एचडीएमआयवर जोडलेल्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसत होते. त्यांनी केबल बदलली, मग मॉनिटर बदलला, शेवटी विंडोजही नव्याने टाकून घेण्याच्या तयारीत ते होते. प्रत्यक्षात बॅटरी टिकावी म्हणून त्यांनी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वतंत्र चिप बंद केली होती आणि एचडीएमआय पोर्ट त्याच चिपचे होते. चिप सुरू करताच मॉनिटर लागला. त्यांचा यात काय दोष? ते पोर्ट कोणत्या चिपचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात केबलपासून न करता पोर्टपासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मॉनिटर लागत असेल, तर विंडोज १० व ११ मध्ये डिस्प्लेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये तो मॉनिटर निवडल्यावर तो कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे, हे लिहिलेले दिसते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सराउंड’ आणि ‘फिजएक्स’ अशी नावे असलेल्या पानावर तर कोणता मॉनिटर कोणत्या चिपवर आहे, याची आकृतीच असते. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांना ‘सिस’खालील ‘क्लास’मधल्या ‘डीआरएम’ फोल्डरमध्ये (/sys/class/drm) प्रत्येक पोर्टच्या नावाआधी कार्डाचा, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरचा, क्रमांक दिसतो. एवढे कळले की पुढची बरीच कोडी सुटतात. मॉनिटर स्वतंत्र चिपच्या पोर्टला असेल, तर ती चिप झोपू शकत नाही. बॅटरी भराभर उतरते आणि पंखा फिरत राहतो, यात बिघाड काही नसतो. लिनक्सवर डेस्कटॉप पहिल्या प्रोसेसरवर तयार होऊन दुसऱ्याकडे पाठवला जात असेल, तर बाहेरच्या मॉनिटरवरच हालचाल अडखळते. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘फक्त स्वतंत्र ग्राफिक्स’ हा पर्याय निवडल्यावर काही मॉडेलांत पहिल्या प्रोसेसरची पोर्टे बंद पडतात, तीही याच कारणाने.

अर्थात प्रत्येक दोष इथलाच असतो असे नाही. कित्येक यूएसबी-सी पोर्टांतून चित्र जातच नाही, केवळ डेटा जातो. आणि एचडीएमआय १.४ चे पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवू शकते. पण निदान या मर्यादा माहितीपत्रकात शोधल्या तर सापडतात. पोर्टाची अंतर्गत जोडणी काही उत्पादक छापतात, अनेक जण छापत नाहीत, आणि ज्याला रोज दोन मॉनिटरवर काम करायचे आहे त्याच्यासाठी ती रॅमच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते.

उत्पादकांनी प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टापुढे ते कोणत्या ग्राफिक्स प्रोसेसरला जोडलेले आहे हे नमूद करावे, अशी मागणी आपल्या वृत्तपत्रातून व्हावी. आपल्या परीक्षकांनीही लॅपटॉपचे परीक्षण करताना एकदा बाहेरचा मॉनिटर प्रत्येक पोर्टाला जोडून पाहावा आणि जे आढळेल ते लेखात द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक लॅपटॉप दुरुस्ती तंत्रज्ञ