फिलाडेल्फियाचा बेत, माझ्या दुरुस्तीसह

कोल्हापूर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली एक्सेल शीट मिळाली. फोनवर ती काही नीट दिसेना, म्हणून बाबांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. सकाळी साडेसहाला तुमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडी काढायची, रात्री नऊला परत, आणि मधे फिलाडेल्फियातली अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे मिनिटं मांडलेली. लिबर्टी बेल ही घंटा वीस मिनिटं, बेंजामिन फ्रँकलिनची कबर पाच मिनिटं. अरे, पाच मिनिटांत तुझ्या बाबांना खिशातला चष्मा सापडत नाही.

आमच्या गुडघ्यांची काळजी करून तू हे केलंस, ते कळतंय. पण गाडीत बसव, उतरव, फोटो काढ, पुन्हा बसव, यानंच माणूस जास्त दमतो. दिवसभर सपाट रस्त्यावर चालायला मला काही होत नाही. परिचारिका म्हणून वॉर्डात आयुष्य गेलंय माझं. तेव्हा एक दिवस नको, दोन रात्री राहू. आणि जागा कमी कर. माझं म्हणणं वाच, मृणालशी बोल, मग काय ते ठरव.

पहिलं म्हणजे गाडी नको. जुन्या भागात पार्किंग शोधण्यात तुझा जीव जाईल, आणि तू चिडलास की ईरा रडते. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटनं ट्रेंटन, तिथं सेप्टाची लोकल धरली की ती शहराच्या ऐन मध्यात सोडते. जेफरसन स्टेशनला उतरलो की रेडिंग टर्मिनल मार्केट शेजारीच. 1893 सालचा बाजार आहे तो, वर रेल्वेचा फलाट आणि खाली भाजी, मासे, पाव. आता वर गाड्या येत नाहीत, पण खालचा बाजार चालूच आहे. तिथं आमिश लोकांचे, म्हणजे जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे, ठेले असतात, ते रविवारी बंद. म्हणून गुरुवार-शुक्रवार बघ. बाबांना तो मोठा मऊ प्रेट्झेल खायचाय. चीजस्टेक गाईच्या मांसाचा असतो, तो आम्हाला नको. मी धपाटे करून आणीन, मृणालला आदल्या दिवशी स्वयंपाकघर मोकळं ठेवायला सांग.

शहरात चुकायची भीती नाही. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेननं 1682 साली डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मधे पट्टीनं आखावं तसं हे शहर आखून घेतलं. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. लंडनमधला प्लेग आणि 1666 ची आग ज्यांनी पाहिली त्या पिढीतला हा माणूस. प्रत्येक घराभोवती बाग असावी, आग एका घरावरून दुसऱ्यावर जाऊ नये, असा त्याचा विचार होता. लोकांनी काय केलं? भूखंडांचे तुकडे पाडले, मधून बोळ काढले आणि भिंतीला भिंत लावून घरं बांधली. गुंठेवारी काय फक्त आपल्याकडेच होते? तुझ्या यादीतली एल्फ्रेथ्स अ‍ॅली हा त्यातलाच एक बोळ, अठराव्या शतकापासून लोक तिथं राहताहेत. ते ठेव यादीत. मात्र घरं राहती आहेत, खिडकीतून डोकवायचं नाही, आणि रस्ता दगडांचा आहे म्हणून बाबांना चपला घालू द्यायच्या नाहीत.

इंडिपेन्डन्स हॉल बघायचाच, त्यात वाद नाही. 1776 चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि 1787 ची राज्यघटना दोन्ही त्याच छताखाली ठरल्या. तिकीट फुकट असलं तरी वेळेचं असतं, ते तू आधीच ऑनलाइन घेऊन ठेव. घंटेला तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग. घंटेपुढे फोटो काढून झाला की लगेच पुढे पळायचं नाही. दाराबाहेरच, सिक्स्थ आणि मार्केट रस्त्यांच्या कोपऱ्यावर, वॉशिंग्टनच्या घराचा पाया दिसतो. 1790 ते 1800 राजधानी फिलाडेल्फियात होती, तेव्हा राष्ट्राध्यक्ष तिथं राहायचे. त्या घरात वॉशिंग्टननी नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाचा 1780 चा कायदा असा, की बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सलग सहा महिने तिथं राहिला तर त्याला मुक्त होता येतं. म्हणून सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. ओना जज नावाची त्यांची एक दासी होती, वॉशिंग्टनच्या बायकोची, मार्थाबाईंची, वेणीफणी करणारी. 1796 च्या मे महिन्यात मालक-मालकीण जेवायला बसले असताना ती घरातून निघाली आणि जहाजानं न्यू हॅम्पशरला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणायची खटपट केली, ती आली नाही. घंटेपासून हे घर किती जवळ आहे ते आपण सगळ्यांनी एकदा चालून बघायचं.

आता माझ्या यादीबद्दल. तुझ्या शीटमध्ये एकही दवाखाना नाही. पर्यटक दवाखाने बघत नाहीत, हे मान्य. पण तुझी आई पर्यटक आहे का?

एट्थ आणि पाइनच्या कोपऱ्यावर पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आहे, 1751 साली स्थापन झालेलं, अमेरिकेतलं पहिलं. डॉ. थॉमस बाँड यांची ती कल्पना, पण पैसे जमेनात म्हणून ते फ्रँकलिनकडे गेले. फ्रँकलिननं विधिमंडळाला गळ घातली, की लोकांनी 2000 पौंड वर्गणी जमवली तर सरकारनंही तेवढेच घालावेत. सभासदांना वाटलं, एवढी वर्गणी कुठली जमतेय, आपल्याला पदरचं काही न घालता पुण्य मिळेल. त्यांनी होकार दिला. मग फ्रँकलिन लोकांकडे गेला आणि म्हणाला, तुमचा एक रुपया दोन होतोय. वर्गणी जमली, सरकारला पैसे द्यावे लागले. ज्यानं सरकारी दवाखान्यात कापूस आणि सलाइनसाठी मागणीपत्रं लिहिलीत, त्याला या माणसाच्या कबरीवर पाच मिनिटं पुरायची नाहीत. लोक त्या कबरीवर पेनी टाकतात म्हणे. मीही टाकीन.

त्या हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर 1804 सालचं गोल शस्त्रक्रियागृह आहे, भोवती चढत्या ओळी, वरून घुमटातला उजेड. भूल देणं 1846 नंतरचं. म्हणजे चाळीस-एक वर्षं तिथं शुद्धीवरच्या माणसांचे पाय कापले, तेही ऊन असेल त्याच वेळी. आत कोणत्या वारी सोडतात, आधी कळवावं लागतं का, ते विचारून ठेव.

त्याच हॉस्पिटलात 6 नोव्हेंबर 1869 ला काय झालं ते मृणालला सांग. वुमन्स मेडिकल कॉलेजच्या प्रमुख डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांनी खटपट करून आपल्या विद्यार्थिनींना तिथल्या शनिवारच्या क्लिनिकला बसायची परवानगी मिळवली होती. मुली आल्यावर शेकडो पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, कागदाचे गोळे मारले, तंबाखूचे चघळलेले बोळे फेकले, बाहेर रस्त्यापर्यंत पाठलाग केला. मुली पुढेही जात राहिल्या. आमच्या वेळी पोरींनी नर्सिंगला जायचं म्हटलं की चार लोक काय बोलायचे ते तुझ्या आजीला माहीत होतं, तुला नाही.

तिथून तीन चौक चाललं की सिक्स्थ आणि लोम्बार्डला मदर बेथेल चर्च. हे तुझ्या यादीत हवंच होतं. 1793 च्या उन्हाळ्यात शहरात पिवळा ताप आला. पन्नास हजारांच्या वस्तीत चारेक महिन्यांत सुमारे 5000 माणसं गेली. डॉ. बेंजामिन रश मोठे डॉक्टर, जाहीरनाम्यावर सही करणारे. ते म्हणाले, धक्क्यावर कॉफी सडलीय, तिच्या दुर्गंधीनं ताप पसरतो. उपचार म्हणजे पारा आणि शीर कापून रक्त काढणं. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच हा डास, पण ते कळायला अजून शंभर वर्षं होती. ज्यांना परवडलं ते शहर सोडून गेले. नवऱ्यानं बायकोला टाकलं, आईबापांनी मुलांना टाकलं. मग रश यांनीच कृष्णवर्णीय लोकांना विनवलं, की तुम्हाला हा ताप होत नाही, तुम्ही शुश्रूषेला या. ही समजूत साफ खोटी होती, त्यांचीही शेकडो माणसं मेली. त्यांच्यातलेच रिचर्ड अ‍ॅलन, ज्यांनी हे चर्च स्थापलं, आणि अ‍ॅब्सलम जोन्स यांनी माणसं उभी केली, रोगी सांभाळले, प्रेतं उचलली. पहिलं दव गोठलं, डास मेले, ताप ओसरला, पळालेले परत आले. आणि मॅथ्यू कॅरी नावाच्या प्रकाशकानं छापलं, की या शुश्रूषा करणाऱ्यांनी लोकांना लुबाडलं. अ‍ॅलन आणि जोन्सनी 1794 मध्ये स्वतःची पुस्तिका काढली आणि त्यात जमाखर्च मांडून दाखवला, किती मिळाले, शवपेट्यांना किती गेले, पदरचे किती घातले.

कोविडच्या वॉर्डातून घरी येणाऱ्या आमच्यातल्या एका पोरीला घरमालकानं जिना चढू दिला नव्हता, तुला फोनवर सांगितलं होतं मी. म्हणून त्या चर्चमध्ये मला घाईनं जायचं नाही. अ‍ॅलनची समाधी तळघरात आहे.

आणि आता डॉक्टर आनंदीबाई जोशी. ऐकून तू म्हणशील, आई, इथवर येऊन पुन्हा आपलंच. पण जिला आपल्या कोल्हापुरातल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डची प्रमुख म्हणून नेमलं होतं, तो दवाखाना म्हणजे आपलं सीपीआर. त्याच आवारात मी नोकरी केली. ती रुजू झालीच नाही. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात पदवी घेतली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. वर्षाच्या शेवटी ती क्षय घेऊनच परतली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती.

तिचं कॉलेज म्हणजे वर सांगितलं तेच वुमन्स मेडिकल कॉलेज. ते नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर होतं, 1930 मध्ये तिथून हललं, आणि पुढे विलीन होत होत आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात आहे. जुने कागद त्यांच्या संग्रहात जपलेत. आल्याबरोबर तिनं प्रवेशासाठी कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेलं पत्र त्यात आहे. वय अठरा. माझी तयारी तुमच्या नियमात बसत नसेल, पण जातीचा आणि मित्रमंडळींचा विरोध पत्करून मी इतक्या लांब आले ते लक्षात घ्या, असं सरळ लिहिलंय. जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली यांच्याबरोबरचा 1885 चा फोटो तू पाहिला आहेसच, तोही तिथलाच. मूळ कागद दाखवतात का, आधी वेळ घ्यावी लागते का, यासाठी त्यांना मेल कर. निवृत्त परिचारिका, कोल्हापूर, असं माझ्याबद्दल स्पष्ट लिही, लाजू नकोस.

ती पहिल्यांदा ज्या कारपेंटरबाईंकडे उतरली ते रोझेल गाव न्यू जर्सीतच, तुमच्यापासून जवळ. तिच्या अस्थी कारपेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला ठेवल्या. ते मात्र या फेरीत कोंबू नकोस, त्याला वेगळा दिवस दे.

राहिल्या त्या ‘रॉकी’ या बॉक्सरच्या सिनेमातल्या 72 पायऱ्या. तू पळ, ईराला खांद्यावर घे, बाबा फोटो काढतील. पण पायऱ्या चढून लोक उलटे फिरतात म्हणे, तसं नको. वर कलासंग्रहालय आहे. टॉमस एकिन्स या तिथल्याच चित्रकाराची दोन मोठी चित्रं आहेत, शस्त्रक्रियेचीच. 1875 च्या चित्रात डॉ. ग्रॉस काळ्या कोटात, हाताला रक्त, रोग्याची नातेवाईक बाई तोंड झाकून बसलेली. 1889 च्या चित्रात डॉ. अ‍ॅग्न्यू पांढऱ्या कपड्यात, आणि टेबलाशी एक परिचारिका ताठ उभी. तिचं नाव मेरी क्लायमर. मधल्या चौदा वर्षांत निर्जंतुकीकरण आलं, आणि आम्ही आलो. ही चित्रं कधी इथं कधी तिथं टांगलेली असतात, म्हणून जायच्या आधी चौकशी कर.

जुना तुरुंग, नाण्यांची टांकसाळ, जहाज वगैरे काढून टाक. बाबांना टांकसाळ हवी होती, मी त्यांच्याशी बोलले.

मृणालच्या आईबाबांना आमचा नमस्कार सांग. ईराला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. बाबांना सिटी हॉलच्या टॉवरवर जायचंच आहे. 548 फूट उंच आहे आणि टोकावर पेनचा पुतळा, आणि त्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही हा शहराचा अलिखित नियम 1987 पर्यंत पाळला गेला, असं ते सकाळपासून मला दोनदा सांगून झालेत. वर सोडत असतील तर त्यांचं तिकीट काढ. माझं नको, मी खाली ईराला घेऊन बसते.