आम्ही कशात कमी पडलो, एवढे तरी कळू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नुकतीच एका रोजगार मेळाव्याची बातमी वाचली. तीत एका उद्योजकांचे मत ठळकपणे दिले होते. खानदेशातील मुले-मुली हुशार आहेत, पण संवादकौशल्यात कमी पडतात आणि म्हणून गटचर्चेच्या फेरीतच गळतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य नवे नाही. महाविद्यालयात प्लेसमेंटसाठी येणारे पाहुणे हेच सांगतात, घरी येणारे नातेवाईकही आता हेच सांगू लागले आहेत, आणि दहा वेळा ऐकल्यावर ते आम्हालाही खरे वाटू लागते. ज्या फेरीच्या आधारे हा निष्कर्ष काढला जातो, त्या फेरीत प्रत्यक्षात काय घडते हे आत बसलेल्या उमेदवाराने एकदा सविस्तर लिहावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

मी शहादा तालुक्यातील एका खेड्यात राहते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले असून औषधनिर्मिती कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम मिळावे यासाठी दोन वर्षांपासून प्रयत्न करत आहे. या काळात पुणे, नाशिक आणि अंकलेश्वर मिळून सात ठिकाणी गेले. पाच ठिकाणी गटचर्चा किंवा सामूहिक मुलाखत होती, चार ठिकाणी संगणकावरची चाचणी होती. सातपैकी एकाच ठिकाणी माझे काय चुकले ते मला सांगण्यात आले. दोन ठिकाणांहून नकाराचे दोन ओळींचे ईमेल आले, आणि उरलेल्या चार ठिकाणांहून आजतागायत होकार नाही की नकार नाही.

पुण्याजवळच्या एका कंपनीतला दिवस सर्वांत जास्त लक्षात राहिला आहे. ‘मुलाखतीसाठी सकाळी नऊ वाजता हजर राहावे’ एवढाच निरोप मोबाइलवर आला होता. रात्रीच्या एसटीने निघाले, पहाटे बसस्थानकाच्या प्रसाधनगृहात कपडे बदलले आणि वेळेआधी फाटकाशी पोहोचले. दुपारी अडीचपर्यंत आम्हाला एका सभागृहात बसवून ठेवले. मग बारा-बारा जणांचे गट पाडले, आणि आज मुलाखत नसून गटचर्चा आहे हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. विषय होता समाजमाध्यमे शाप की वरदान, भाषा इंग्रजी, वेळ पंधरा मिनिटे. बारा जणांत पंधरा मिनिटे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिनिट येते, परंतु प्रत्यक्षात तिघांनीच दहा मिनिटे घेतली आणि उरलेले नऊ जण उरलेल्या पाच मिनिटांसाठी एकमेकांवर आवाज चढवत राहिले. परीक्षक दोघे होते. त्यातले एक बराच वेळ फोनवर होते.

माझ्या शेजारी साक्री तालुक्यातला एक मुलगा बसला होता. एका छोट्या कारखान्यात वर्षभर काम करून तो आला होता. सकाळपासून वाट पाहत असताना त्याने मला एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा कॉलम (आतली नळी) कसा धुवावा आणि दाब अचानक वाढला तर आधी काय तपासावे, हे इतके नेटके समजावून दिले की वर्गातही मला ते तसे समजले नव्हते. चर्चेत त्याने दोनदा तोंड उघडले, दोन्ही वेळा कुणीतरी त्याचे वाक्य मध्येच तोडले, आणि मग तो शेवटपर्यंत गप्प राहिला. पुढच्या फेरीच्या यादीत त्याचे नाव नव्हते, माझेही नव्हते. ज्या मुलाने सकाळी एका अनोळखी मुलीला अवघड यंत्र उलगडून दाखवले, त्याच्याकडे संवादकौशल्य नाही असे म्हणायचे का, हा माझा त्या उद्योजकांना मनापासून प्रश्न आहे. आमच्याकडे समोरच्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे असे लहानपणापासून शिकवतात. गटचर्चेत नेमका हाच संस्कार आम्हाला मागे ठेवतो.

भाषेबद्दलही लिहिले पाहिजे. माझ्या घरी अहिराणी बोलतात, शाळा मराठीत झाली, इंग्रजी पुस्तकातून आली. धडगावकडच्या माझ्या मैत्रिणीच्या घरी पावरी आहे, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, शहरात हिंदी. म्हणजे गटचर्चेतली इंग्रजी ही तिची पाचवी भाषा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकी सैन्याने जवानांच्या बुद्धिमापनासाठी एकाच वेळी अनेकांची परीक्षा घेणाऱ्या चाचण्या तयार केल्या, तेव्हा इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांवर आधारलेली ‘आर्मी बीटा’ अशा दोन वेगळ्या चाचण्या केल्या होत्या. त्या चाचण्यांत पुष्कळ दोष होते, हे आता सर्वमान्य आहे. तरीही भाषा येत नाही म्हणून माणसाला बुद्धी नाही असे ठरत नाही, एवढे शंभर वर्षांपूर्वी त्या मंडळींच्या ध्यानात आले होते. प्रयोगशाळेतील नोंदी इंग्रजीत लिहाव्या लागतात, त्यामुळे कामापुरते इंग्रजी आलेच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. मग आम्हाला एक नोंद इंग्रजीत लिहायला द्यावी आणि ती तपासावी. समाजमाध्यमांवरच्या वादावादीतून ते कसे कळणार?

संगणकावरच्या चाचण्यांचा अनुभव वेगळा आहे. तिथे निदान कुणी बोलणे तोडत नाही. मात्र घरून द्यावयाच्या चाचणीत कॅमेरा सतत सुरू ठेवावा लागतो, आणि आमच्या गावात वीज व नेटवर्क दोन्ही एकाच वेळी तासभर टिकतील याची खात्री नसते. म्हणून मी शहाद्याला आत्याकडे जाऊन चाचणी दिली. तिची सहा वर्षांची नात खोलीत डोकावली आणि पडद्यावर ‘दुसरी व्यक्ती आढळली’ असा इशारा आला. त्या इशाऱ्याने माझे गुण गेले की नाही, हे विचारण्याची सोय कुठेच नव्हती. आकृत्यांची मालिका पुरी करण्याचे प्रश्न सरावाने जमू लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खरी अस्वस्थता वाटते ती स्वभावाच्या चाचण्यांची. ‘मला एकट्याने काम करायला आवडते’ हे विधान तीन वेगवेगळ्या शब्दांत तीनदा येते, आणि कोणत्या पदासाठी कोणते उत्तर निवडावे हे शिकवणारे क्लास आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. ज्यांच्याकडे क्लासचे पैसे आहेत त्यांचा स्वभाव चांगला आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांचा वाईट, असा याचा अर्थ होतो. कंपन्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या मायर्स-ब्रिग्ज या स्वभावचाचणीचे प्रकाशक तर ती नोकरीच्या निवडीसाठी वापरू नये, असे स्वतःच सांगतात.

आता त्या एका ठिकाणाबद्दल, जिथे मला उत्तर मिळाले. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतला तो लहानसा कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आम्हा चौघांना एकेक ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, दिली आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ऑक्झॅलिक आम्ल वापरून प्रमाणित करायला, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता काढायला, सांगितले. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग आला की थांबायचे असते. माझ्या पहिल्या दोन फ्लास्कमध्ये रंग गडद आला आणि तीन वाचने एकमेकांशी जुळली नाहीत. बाई माझ्याजवळ उभ्या राहून सगळे पाहत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “ताई, गणित तुमचं बरोबर आहे, पण तोटीवर हात बसलेला नाही. शेवटी थेंबाथेंबानं सोडता आलं पाहिजे. आत्ता मी तुम्हाला घेऊ शकत नाही. सराव करा आणि पुन्हा अर्ज करा.” हे सगळे अर्ध्या तासात झाले. परतीच्या प्रवासात वाईट वाटत होतेच, परंतु उद्या उठून काय करायचे ते मला ठाऊक होते. आमच्या महाविद्यालयातील सरांना विनंती करून मी दोन महिने शनिवारी प्रयोगशाळेत सराव केला. पुण्याहून आलेल्या मौनातून मी काय सुधारू शकले असते?

प्रत्यक्ष काम करून घेऊन केलेली पारख अधिक खरी, ही माझ्या एकटीची भावना नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी संशोधकांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उमेदवाराच्या पुढील कामगिरीचा अंदाज देणाऱ्या पद्धतींत प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे सर्वांत वर होते, आणि सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारणारी मुलाखत ही सुचेल ते विचारणाऱ्या मुलाखतीपेक्षा बरीच सरस ठरली होती. पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही आकडेमोड नव्याने केली. त्यात क्रम बदलला, ठरावीक प्रश्नांची मुलाखत पहिली आली, पण कामाचे ज्ञान आणि कामाचा नमुना हे दोन्ही वरच्या फळीतच राहिले.

गटात पारख करूच नये, असे माझे म्हणणे नाही. माझा मावसभाऊ सैन्यदलाच्या निवड मंडळासमोर भोपाळला जाऊन आला. तिथेही गटचर्चा असते, पण ती पाच दिवसांतील अनेक कसोट्यांपैकी एक असते. आठ-दहा जणांचा गट, दोन विषय, मग मैदानावरची कामे, प्रत्येकाला एकट्याने तीन मिनिटे बोलण्याची संधी. शिवाय मानसशास्त्रज्ञ, गट-अधिकारी आणि मुलाखत घेणारे अधिकारी स्वतंत्रपणे पारख करतात आणि शेवटी एकत्र बसतात. पहिल्यांदा येणाऱ्या उमेदवाराला प्रवासभाडे मिळते. भाऊ निवडला गेला नाही आणि त्याचे कारण तिथेही सांगत नाहीत, हे खरे आहे, परंतु निकाल मंडळाच्या आवारातच कळला आणि तो त्याच दिवशी घरी निघाला. पाच दिवस पाहूनही माणूस पूर्ण कळत नाही असे मानणारी ही पद्धत आणि पंधरा मिनिटांत बारा जणांचा निकाल लावणारी ती पद्धत, दोहोंना गटचर्चा हे एकच नाव असावे, याचे मला आश्चर्य वाटते.

सरकारी भरतीतही गोंधळ होतात. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होते, त्यावर आम्ही सगळ्यांनीच नाराजी व्यक्त केली होती. पण तिथे उत्तरतालिका येते, हरकत घेता येते, गुण कळतात. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून क आणि ड गटातील पदांसाठी मुलाखतच बंद केली. खासगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, हे मी जाणते. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायला लावल्या, पण जागा कशी भरणार हे उमेदवाराला कळवावे, असे कुणी सांगितले नाही.

सात फेऱ्यांना माझे अकरा हजार रुपये गेले. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, नाहीतर ते आणखी वाढले असते. हे पैसे वडिलांनी पपईच्या पट्टीतून दिले, आणि ज्या वर्षी भाव पडला त्या वर्षी काकांकडून उसने घेतले. म्हणून बोलावण्याच्या निरोपातच किती फेऱ्या आहेत, कोणत्या भाषेत आहेत, कशाची पारख होणार आहे आणि त्याच दिवशी परतता येईल की नाही, एवढे लिहिलेले असावे. गेलेल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांत होय किंवा नाही कळावे, आणि नाही असेल तर एका ओळीत कारण कळावे.

मेळावे भरवणाऱ्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांना हे करून घेणे अवघड नाही, कारण मेळाव्यात येणाऱ्या कंपन्यांची नोंदणी तेच करतात. नोंदणीच्या अर्जात निवडीच्या पद्धतीचा एक रकाना वाढवता येईल. त्या उद्योजकांनाही माझी एक विनंती आहे. शहादा, धुळे, जळगाव येथील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा रविवारी बंद असतात. प्राचार्यांना विचारल्यास त्या एका दिवसासाठी मिळू शकतील. पुढच्या वेळी त्यांनी आम्हाला पुण्याला न बोलावता तिथे यावे, वीस ब्युरेट मांडाव्यात आणि आम्ही काय करतो ते पाहावे. साक्रीच्या त्या मुलालाही निरोप देण्याची जबाबदारी मी घेते.

आपली विश्वासू,
एक उमेदवार
शहादा, जि. नंदुरबार