दहाव्या खांबाजवळचा जॉइंट शोधणाऱ्या वायरमन दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण तुम्ही काय केलंत ते आमच्या पुण्यातल्या सोसायटीतल्या प्रत्येक घराला कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तीन वर्षं हेच चाललं होतं. पाऊस लागला की मागच्या गेटपासून सी विंगपर्यंतच्या चौदा खांबांवरचे दिवे बंद. चार दिवस ऊन पडलं की पुन्हा सुरू. माझी मुलगी सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेबाराला घरी येते, ती मोबाइलच्या उजेडात तो रस्ता पार करायची आणि मी गॅलरीत उभी असायचे. सासूबाईंनी तर संध्याकाळचं फिरणंच सोडलं. मेंटेनन्स बघणाऱ्या एजन्सीचं उत्तर ठरलेलं, "पावसात ईएलसीबी ट्रिप होतोच." ईएलसीबी म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा मीटर रूममधला स्विच. या जुलैत त्यांच्या माणसाने तो बायपास करून लाइन डायरेक्ट जोडली. भर पावसात दिवे लागले. ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

तुम्ही आमच्याकडे गीझर बघायला आला होतात. जाताना मीटर रूमचं दार उघडं दिसलं आणि तुम्ही थबकलात. काही न बोलता बाहेर जाऊन दहाव्या खांबाला टेस्टर लावलात. टेस्टर पेटला. त्या खांबाला टेकून मुलं सायकली लावतात, दादा. तुम्ही आधी मेन बंद केलात आणि मग मला म्हणालात, "ताई, ईएलसीबी खराब नाही. तो तीन वर्षं ओरडून सांगतोय, करंट जमिनीत जातोय म्हणून."

30 मिलिअँपिअर गळती झाली की तो सप्लाय तोडतो, कारण त्याहून जास्त करंट अंगातून गेला तर जिवावर बेतू शकतं, हे मला त्या दिवशी समजलं. आम्ही रोज त्यालाच शिव्या देत होतो.

पुढचे दोन दिवस मी तुमचं काम बघत बसले. आधी सगळ्या खांबांवरच्या दिव्यांच्या वायरी सोडवल्यात, कारण वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरचे 500 व्होल्ट एलईडीच्या ड्रायव्हरला सोसत नाहीत. मग सातव्या खांबात केबल तोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्यात. अलीकडची बाजू ठणठणीत, पलीकडे रीडिंग जवळपास शून्य, म्हणजे इन्सुलेशन गेलेलं. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग, त्यातल्या खराब भागाचे पुन्हा दोन. असं करत नवव्या आणि दहाव्या खांबांमधल्या तुकड्यापाशी आलात. माळीदादांना आठवलं, तिथेच बागेची पाइपलाइन टाकायला खणलं होतं. फूटभर खाली केबल सापडली. कुदळीचा घाव, त्यावर काळी टेप गुंडाळलेली, वर माती. कुणीतरी कुणाला न सांगता ते गाडून टाकलं होतं. माती ओली झाली की टेपच्या आत पाणी, आणि सुकली की सगळं ठीक! दहाव्या खांबाच्या बॉक्सलाही ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथलं घट्ट बूच, नव्हती, आत पाणी साचून वायरचं इन्सुलेशन गेलं होतं. अर्थिंगची पट्टी तर गंजून तुटलेलीच.

टेप बदलून तुम्हाला त्याच दिवशी निघता आलं असतं. तुम्ही तो तुकडा कापून आत पाणी शिरू न देणारा रेझिनचा जॉइंट भरलात, ग्लँड आणि झाकणाची रबरं बदललीत, अर्थिंग नवं केलंत. ईएलसीबी परत जोडून त्याचं टेस्टचं बटण माझ्याकडून दाबून घेतलंत. महिन्यातून एकदा दाबा म्हणालात. दर एक तारखेला दाबते.

टायमरचंही तुमच्याच लक्षात आलं. तो बारा महिने सात वाजताच दिवे लावत होता. जुलैत ते चालतं, पण डिसेंबरात पुण्यात सहालाच सूर्य मावळतो, म्हणजे मुलं खेळून परतण्याच्या वेळी तासभर अंधार. आता सूर्यास्ताप्रमाणे वेळ बदलणारा टायमर आहे. एजन्सीने पार्किंगवर लावलेले पांढरेफटक फ्लडलाइटही तुम्ही खाली वळवलेत. पूर्वी समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही, फक्त डोळे दिपायचे, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीत रात्रभर उजेड. उजेड पायाखाली हवा, हे इतकं साधं असून आम्हाला सुचलं नव्हतं.

ऑगस्टात सलग नऊ दिवस पाऊस झाला. दिवे एकदाही गेले नाहीत.

केबल कुठून जाते याचा तुम्ही हाताने काढलेला नकाशा लॅमिनेट करून पॅनेलच्या दारावर लावलाय. आता बागेत खणण्याआधी तो बघायचाच, असं कमिटीने ठरवलंय. दुसऱ्या दिवसाची मजुरी तुम्ही घेतली नव्हती, ती सोसायटीच्या ऑफिसात पाकिटात ठेवली आहे. घ्यायला संध्याकाळीच या. सासूबाई सातच्या सुमारास दहाव्या खांबाजवळच्या बाकावर असतात, त्यांना तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
सी विंगमधली ताई