आरोग्यमंत्री साहेब, रिपोर्टसोबत त्याचा अर्थही द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट खिडकीतून हातात पडला आणि डॉक्टरांची तारीख मिळाली आठ दिवसांनंतरची. घरी आल्यावर मामाने चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि पेनाने तीन ठिकाणी रेघा मारल्या. ग्रेड ३. ईआर पॉझिटिव्ह. नोड्स ०/१४. मामा म्हणाला तिसरी स्टेज आहे, वर पॉझिटिव्ह पण आलंय आणि काखेत चौदा गाठी निघाल्यात. रात्री आईने कपाट उघडून पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला हे एका कागदावर लिहून ठेवलं. मला ते सकाळी कळलं.

आठ दिवस ती धड जेवली नाही साहेब.

नंतर डॉक्टरांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी कशा दिसतात, नेहमीच्या पेशींपेक्षा किती बिघडल्यात ते, आणि स्टेज म्हणजे गाठ केवढी आहे आणि आजार शरीरात कुठवर गेलाय ते. दोन्ही वेगळ्या गोष्टी, ग्रेड ३ होती पण स्टेज दुसरी. ०/१४ म्हणजे काखेतल्या चौदा ग्रंथी तपासल्या आणि एकीतही कॅन्सर सापडला नाही, म्हणजे चांगली बातमी. आणि ईआर पॉझिटिव्ह म्हणजे त्या गाठीवर हार्मोनच्या गोळ्या काम करतात, म्हणजे हातात अजून एक औषध. ज्या शब्दांनी आम्ही रडत होतो त्यातले दोन शब्द आमच्याच बाजूचे होते!

मामाचा काय दोष? कोविडपासून पॉझिटिव्ह म्हणजे रोग झाला हे सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्याच खात्याच्या तपासणीची. तिशीच्या वरच्या लोकांची तोंडाची, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकार करतं, फार चांगलं काम आहे, आशाताई घरोघरी जाऊन बायकांना तयार करतात. पण गर्भाशयाच्या मुखाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघतात, पांढरा डाग दिसला की लिहितात व्हीआयए पॉझिटिव्ह, आणि ती बाई घरी जाऊन सांगते मला कॅन्सर झालाय. त्याचा अर्थ फक्त पुढची तपासणी करा एवढाच असतो, बहुतेक बायकांना कॅन्सर नसतोच, आणि पुढे कॅन्सर होऊ शकेल असा बदल असला तरी तो आधीच काढून टाकता येतो. पण घाबरलेली बाई पुढच्या तपासणीला यायचीच नाही, मग त्या सगळ्या मेहनतीचा उपयोग काय?

असंच पॅलिएटिव्हचं. तिकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं लोक धरून चालतात आणि पेशंट दुखणं सोसत बसतो, खरं तर ते दुखणं, मळमळ, दम लागणं कमी करायचे उपचार, केमो चालू असतानाही घेता येतात. किंवा ब्रेस्टचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला की घरचे म्हणतात आता लिव्हरचाही कॅन्सर झाला. तो ब्रेस्टचाच असतो, औषधंही त्याचीच चालतात.

माझी मागणी एवढीच आहे की सरकारी दवाखान्यातून आणि जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमधून कॅन्सरचा कुठलाही रिपोर्ट दिला की त्याला मोठ्या अक्षरातलं एक मराठी पान जोडा. आणि कृपा करून त्यात सौम्य अर्बुद, घातक अर्बुद लिहू नका, साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ लिहा, आमच्या घरात तसंच बोलतात. योजनेच्या कागदपत्रांसाठी जसे आरोग्यमित्र बसतात तशी रिपोर्ट समजावायला एक शिकवलेली सिस्टर बसवा, माणशी दहा मिनिटं. आणि रिपोर्ट मिळाल्यावर आठ दिवस कुणाला थांबायला लावू नका.

आईच्या फाइलवरून मी असं एक पान हाताने लिहिलंय, पत्रासोबत जोडतेय. पहिल्याच ओळीत ग्रेड आणि स्टेज यातला फरक आहे. तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, चुका असतील त्या काढा, पण छापा.

आपली,
एका पेशंटची मुलगी