तो म्हातारा नव्हताच!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या ब्रिटिश कॉमेडीवरचा लेख वाचला, विल हे (Will Hay) ह्या विनोदी नटावर मराठीत कोणीतरी लिहितंय हे बघूनच बरं वाटलं. पण फोटोखाली छापलंय 'विल हे, ग्रॅहम मॉफट आणि एक म्हातारा सहकलाकार'. साहेब, त्या माणसाला नाव आहे, मूर मॅरियट. आणि तो म्हातारा नव्हताच!

फोटो 1937 च्या 'ओह, मिस्टर पोर्टर!' सिनेमातला आहे, त्यात मॅरियटच्या म्हाताऱ्याचं नाव हारबॉटल. मॅरियट 1885 चा, म्हणजे तेव्हा 52 वर्षांचा, आणि शेजारी स्टेशनमास्तरच्या टोपीत उभा असलेला विल हे 1888 चा, फक्त 3 वर्षांनी धाकटा! तरी पडद्यावर मॅरियट त्याचा आजोबा वाटतो. म्हाताऱ्याच्या रोलसाठी तो तोंडातली कवळी काढून ठेवायचा, मग गाल आत, हनुवटी वर, बोळक्यातून येणारा तो चिरका आवाज आणि तिकिटाची खिडकी धाडकन उघडून 'नेक्स्ट ट्रेन्स गॉन!' ओरडून लगेच बंद, मी हा सीन कितीदा बघितला असेल मलाच माहीत नाही, दर वेळी हसतो. हिरो लोक वय लपवतात आणि हा माणूस चांगला धडधाकट असून स्वतःला म्हातारं करून घेत होता, तेही वर्षानुवर्षं.

आणि तो नुसता विनोदी नट नव्हता हो. मूकपटांपासून काम करत होता. 1929 च्या 'द फ्लाइंग स्कॉट्समन' मध्ये रिटायर व्हायला आलेला इंजिन ड्रायव्हर केलाय त्याने, एकदम सिरीयस रोल, तेव्हा नुकती चाळिशी ओलांडलेली! तिथे रेल्वेचा इमानी माणूस आणि 8 वर्षांनी त्याच रेल्वेची पार वाट लावणारा हारबॉटल, दोन्ही खरे वाटतात. (पोर्टरचं शूटिंग हॅम्पशायरमधल्या क्लिडेस्डेन नावाच्या बंद पडलेल्या स्टेशनवर झालं आणि सिनेमातलं ते खटारा इंजिन 1899 चं खरंखुरं इंजिन होतं, हे पण लेखात यायला पाहिजे होतं.)

सगळ्यात भारी म्हणजे 'आस्क अ पोलिसमन', 1939. त्यातही मॅरियट हारबॉटलच आहे, आणि एका जुन्या कवितेची शेवटची ओळ त्याला आठवत नाही म्हणून विल हे, मॉफट आणि तो असे तिघं त्याच्या बापाकडे जातात. हारबॉटलच एवढा जख्ख, त्याचा बाप कसा असेल? तो बाप पण मॅरियटनेच केलाय! पन्नाशीतला माणूस म्हातारा आणि म्हाताऱ्याचा बाप, दोन्ही वेगवेगळे करून दाखवतो, ह्याला 'एक सहकलाकार' म्हणायचं?

1940 च्या सुमारास विल हे मॅरियट आणि मॉफटपासून वेगळा झाला, मग ते दोघं आर्थर आस्की ह्या दुसऱ्या विनोदी नटाबरोबर दिसले. 1946 च्या 'ग्रीन फॉर डेंजर' मध्ये मॅरियट पोस्टमन आहे, सुरुवातीलाच ऑपरेशन टेबलवर मरतो, पण पुढचं सगळं रहस्य त्या मरणावरच उभं आहे. विल हे एप्रिल 1949 मध्ये गेला, मॅरियट त्याच डिसेंबरात, वय 64. म्हातारपण खरं म्हणजे त्याच्या वाट्याला फारसं आलंच नाही.

एवढीच विनंती, पुढच्या रविवारी तोच फोटो परत छापा आणि खाली नीट लिहा, मूर मॅरियट, वय 52.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली