बाबा, दादाला तुमचं चित्र काढू द्या

ॲमस्टरडॅम

ती. बाबा आणि दादा,
सा. न. वि. वि.

पत्र दोघांना मिळून लिहितेय, कारण गोष्ट तुम्हा दोघांचीच आहे. इथल्या व्हॅन गॉग संग्रहालयात व्हॅन गॉगचं एक चित्र आहे, पण ते त्याने स्वतः काढलेलं नाही. १८८७ साली पॅरिसमध्ये तुलूझ-लोत्रेक या त्याच्या चित्रकार मित्राने पुठ्ठ्यावर रंगीत खडूंनी काढलंय. तो तेव्हा २२ वर्षांचा, व्हॅन गॉगपेक्षा ११ वर्षांनी लहान.

व्हॅन गॉग कॅफेत बसलाय. समोर दारूचा पेला, अंग पुढे झुकलेलं, आणि चेहऱ्याची फक्त एक बाजू दिसते. बघणाऱ्याकडे त्याचं लक्षच नाही. मॉडेलला द्यायला पैसे नसल्यामुळे पॅरिसमध्ये त्याने स्वतःचीच कितीतरी चित्रं रंगवली, पण आरशात बघून काढायचं तर नजर आरशावर ठेवावीच लागते. आपण दुसरीकडे बघताना कसे दिसतो, ते शेजारी बसलेल्यालाच दिसतं. लोत्रेकने खडूच्या रेघा सुट्याच ठेवल्यात, त्यामुळे त्याच्या हाताचा वेगसुद्धा कळतो.

दोस्तीही पक्की होती. १८९० मध्ये ब्रसेल्सला एक चित्रकार व्हॅन गॉगच्या चित्रांबद्दल वाईट बोलला, तर लोत्रेकने त्याला थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं!

बाबा, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना तुम्ही जिभेचं टोक दातांत धरता. तुम्हाला ते ठाऊकही नसेल. आपल्या मूर्तिशाळेत पाट घेऊन येणारी माणसं मूर्तीकडे बघतात, फोटोही मूर्तीचेच काढतात. तुमचा चेहरा त्या वेळी फक्त दादा बघतो.

म्हणून दादा, तू काढ. त्यांना मुद्दाम समोर बसवू नकोस. हात चालू असतानाच काढ. नाक चुकलं तरी चालेल, मान मात्र तशीच वाकलेली हवी. बाबा, तुम्ही वळून बघायचं नाही, आणि ‘कामं पडलीत’ असंही म्हणायचं नाही.

चतुर्थीला गावी येणाऱ्या मैत्रिणीबरोबर खडूंची पेटी पाठवतेय. तोवर कोळशाने सुरुवात कर. खडूचं चित्र काचेला टेकलं की रंग काचेला लागतो, तेव्हा कुडाळच्या फ्रेमवाल्याला मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांग.

आईला नमस्कार.

तुमची,
बाय