चित्रपट दाखवून चित्रांकडे पाठवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

प्रदर्शन संपलं, चित्रं भिंतीवरून उतरली, पण तुमची चित्रपटमालिका बाबांच्या बोलण्यातून अजून जात नाही. शेवटच्या दिवशी गर्दीत तुम्हाला नीट भेटता आलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

बाबांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि काम गेलं. मग काचबिंदूने नजर कडेकडेने खायला घेतली, तेव्हापासून रंगांचा विषयच त्यांनी घरात बंद केला. चित्रं बघायला ते आलेच नसते. "सिनेमा आहे, तिकीट नाही," एवढंच सांगून मी त्यांना आणलं. मालिका विनामूल्य ठेवलीत याचं मोल आमच्यासारख्यांना विचारा. आणि विनामूल्य म्हणून कुठे हयगय नव्हती. पुरेसा अंधार, स्वच्छ आवाज, वेळेवर सुरुवात.

पहिल्या दिवशी फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोचा १९५६ सालचा चित्रकार पिकासोवरचा चित्रपट होता. शाई आरपार झिरपणारा कागद आणि त्याच्या पलीकडे कॅमेरा. हात दिसत नाही, रेघ मात्र चालत येते. फुलांचा मासा होतो, माशाची कोंबडी होते. अंधारात बाबांचं बोट मांडीवर त्या रेघेबरोबर फिरत होतं.

खरे आभार मानायचे आहेत ते 'द इनर आय'च्या संध्याकाळचे. सत्यजित राय यांनी १९७२ साली शांतिनिकेतनातले आपले गुरू, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर केलेला हा माहितीपट. १९५७ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुखर्जींची दृष्टी पूर्ण गेली, तरी ते कागद कापून आकार करत राहिले, भित्तिचित्र घडवत राहिले. निवेदन इंग्रजीत, बाबांना ते कळेना. तुम्ही मागून उठून त्यांच्या शेजारी येऊन बसलात आणि अख्खा माहितीपट त्यांच्या कानाशी हळू आवाजात मराठीत सांगितलात. कुणी तुम्हाला सुचवलं नव्हतं.

नंतर सगळ्यांना दालनात नेलंत, आधी सिनेमा आणि लगेच चित्रं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. बाबा एका मोठ्या कॅनव्हाससमोर मान तिरकी करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा फटकारा उजवीकडून डावीकडे ओढलाय. खाली रंग ओला असतानाच." तुम्ही वाकून बघितलंत. "कुठे? मला दाखवा ना," म्हणालात. दालन बंद व्हायची वेळ झाली होती, तुम्ही रखवालदाराला थांबायला सांगितलंत आणि बाबांना आणखी तीन चित्रांपाशी नेऊन विचारत राहिलात. त्यांच्या कामातलं त्यांना कुणी विचारून कितीतरी वर्षं झाली होती, ताई.

काल त्यांनी माळ्यावरचा ब्रशांचा डबा काढायला लावला. केस पार कडक झालेत. सध्या टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलेत.

तुमचा,
मागच्या रांगेतला एक प्रेक्षक